काटेसाहेब गेम तपासतात

लेकीला यंदा वाढदिवसाला बाहुली न आणता काहीतरी शैक्षणिक आणायचं, हा निर्णय काटेसाहेबांनी दात घासता घासता घेतला. तोंडात फेस असताना घेतलेल्या निर्णयावर माणसाने चूळ भरून झाल्यावर एकदा पुन्हा विचार करावा, असा काही नियम नाही. असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर दुकानदाराची झोप उडवायची, हे काम ते इतक्या निष्ठेने करत आले होते की भाजीवालीपासून बायकोच्या माहेरच्यांपर्यंत सगळे त्यांना काटेसाहेबच म्हणत. (माहेरचे जरा वेगळ्या सुरात म्हणत.) तपासल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. घरात थर्मामीटरसुद्धा दोन होते. एक ताप बघायला आणि दुसरा पहिल्याला बघायला.

त्यांची बायको फार्मासिस्ट. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून डॉक्टरांची अक्षरं लावायची, वयाप्रमाणे डोस समजावून सांगायचा, हे तिचं काम. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर तिचा काडीचा विश्वास नसे, पण लेखी आलं की ते ब्रह्मवाक्य. म्हणजे नवरा काहीच खरं मानत नव्हता आणि बायको लिहिलेलं सगळं खरं मानत होती. अशा घरात सहा वर्षांची होऊ घातलेली एक मुलगी होती. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती बालवर्गाच्या मोठ्या गटात होती आणि सुट्टीनंतर पहिलीत जाणार होती. समोरच्या घरातली तिची मैत्रीणही पहिलीतच जाणार होती, आणि दोघींनी एका बाकावर बसायचं, खिडकीकडची जागा आळीपाळीने घ्यायची, हे सगळं आधीच ठरवून टाकलं होतं.

तर शैक्षणिक काहीतरी. चौकशी करता करता काटेसाहेबांना कळलं की हल्ली हातात धरून खेळायचा एक गेम मिळतो, तो मुलांना खेळवता खेळवता शिकवतो. हे त्यांना पटलं. एका दगडात दोन पक्षी. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ते खेळण्यांच्या दुकानात शिरले आणि तिथून त्यांच्या डोक्याचा जो भुगा व्हायला सुरुवात झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही.

दुकानदार चष्मा कपाळावर चढवलेला, शांत, पोक्त माणूस होता. त्याने मुलीचं वय विचारलं. काटेसाहेबांनी सांगितलं, सहावं संपत आलंय.

"वयाने की बुद्धीने?" दुकानदार म्हणाला.

 या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात हे काटेसाहेबांना ठाऊक नव्हतं. दुकानदाराने काचेवर एकेक डबा मांडायला घेतला. हा तीन ते सहा वर्षांसाठी. हा तीन ते सात. हा पाचच्या पुढे कंटाळा येईपर्यंत. हा बोलतो, हा गातो, हा बोलत नाही पण चुकलं की दिवा लावतो. याला कार्डं घालावी लागतात, याची कार्डं आता मिळत नाहीत, पण गेम उत्तम आहे. मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं की मुलगी बघून शिकते, ऐकून शिकते की करून शिकते?

आता भिंगरी जे बघायचं नाही ते बघून शिकायची, जे ऐकायचं नाही ते ऐकून शिकायची आणि जे करायचं नाही ते तर करून झाल्यावरच घरच्यांना कळायचं. हे दुकानदाराच्या कुठल्या रकान्यात बसतं ते काटेसाहेबांच्या लक्षात येईना. घरी विचारून सांगतो, असं म्हणून ते बाहेर पडले.

घरी विचारलं तर बायको म्हणाली की औषध असतं तर एका क्षणात सांगितलं असतं, वयाप्रमाणे अर्धी गोळी. गेमचा डोस तिला माहीत नाही. तिच्या भावाला, म्हणजे भिंगरीच्या मामाला, फोन लावला, तर त्याने तासभर सांगितलं की बोलणारा गेम मुळीच घेऊ नका, मुलं ऐकायची सवय लागून बोलायची बंद होतात. (भिंगरी बोलायची बंद होईल या कल्पनेने दोघेही क्षणभर मोहात पडले.) कचेरीतले मोठे बाबू म्हणाले, न बोलणारा घेऊ नका, मुलं घुमी होतात. काटेसाहेब रोज एका गेमवर शिक्कामोर्तब करून झोपत आणि सकाळी दुसराच बरा वाटे. घरात दुसरा विषय राहिला नाही. शेवटी एका रात्री जेवताना बायकोने ताटावरचा हात थांबवून सांगितलं की आता तुम्हीच काय ते ठरवा, मला एक अक्षर विचारू नका, फक्त आणायच्या आधी नीट बघून आणा.

'नीट बघून आणा' हे शब्द काटेसाहेबांना कुणी सांगायला नकोत. त्यांनी मनाशी ठरवलं. गेम आणायचा, पण घरात नाही. आधी कचेरीत न्यायचा, तिथे रीतसर तपासायचा, आणि तपासणीत उतरला तरच वाढदिवसाला लेकीच्या हातात द्यायचा. तोवर घरी चकार शब्द काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलणारा, तीन ते सात वर्षांचा गेम घेतला. दुकानदाराने तो तिथेच चालू करून दिला. मुलीचं नाव विचारलं. काटेसाहेबांनी भिंगरी सांगितलं. मोबाइल नंबर विचारला. काटेसाहेबांनी बायकोचा दिला. त्यांना स्वतःचा नंबर कधीच पाठ नव्हता. तो दुसऱ्यांनी लावायचा असतो, आपण कशाला पाठ करायचा, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार पुढे बरंच काही बोलला. हा गेम मूल कसं खेळतं ते ओळखून प्रश्न सोपे-अवघड करतो, मुलाची नोंद ठेवतो आणि प्रगतीचा अहवाल पालकांच्या फोनवर धाडतो, असं त्याने अगदी स्पष्ट सांगितलं. काटेसाहेब त्या वेळी गल्ल्याशेजारचा वजनकाटा निरखत होते. त्यावरचा शिक्का जुना झाला होता.

तुम्ही हुशार आहात. पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. काटेसाहेबही हुशार होते, पण त्यांची हुशारी वेगळ्या प्रकारची होती.

कचेरीत एक मोजणीची खोली होती. दगडी टेबल, काचेच्या पेटीतली पितळी वजनं, कोपऱ्यात जप्त केलेल्या काट्यांचा ढीग. दुपारच्या सुट्टीत काटेसाहेबांनी दार लावून घेतलं, जेवणाचा डबा बाजूला सारला आणि गेम टेबलावर ठेवला. नवा काटा आला की ते आधी त्याच्या कोपऱ्यांवर वजन ठेवून बघत. मधोमध कुठलाही काटा बरोबर दाखवतो, लबाडी कोपऱ्यात कळते. तेच त्यांनी इथे केलं. बटणं मधोमध न दाबता कडेला दाबली. दोन बटणं एकदम दाबली. गेम उलटा धरला, तिरका धरला, हलवला. प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं. गेममधली बाई गोड आवाजात म्हणत राहिली, "भिंगरी, घाई नको. पुन्हा प्रयत्न कर." काटेसाहेबांनी समाधानाने मान डोलावली. यंत्राचा संयम चांगला होता.

संध्याकाळी घरी आले तर बायको खिडकीशी फोन हातात धरून उभी होती. तिने भिंगरीला समोरच्या घरी खेळायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"शाळेतून मेसेज आलाय," ती म्हणाली. "तिच्या प्रगतीचा."

आता यात तिची काही चूक नव्हती. बालवर्गाच्या बाईंनी मागच्या सभेत सांगितलं होतं की आता मुलांची प्रगती आयांच्या फोनवर कळवायला सुरुवात करणार आहोत. त्यामुळे 'आपला शिक्षणमित्र' या नावाने मेसेज आल्यावर तिने तो दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून वाचला होता. तिने तो आता मोठ्याने वाचून दाखवला. आपले पाल्य भिंगरी हिचे लक्ष टिकत नाही. प्रश्न पूर्ण ऐकण्याआधीच ती उत्तर देते. हाताची पकड अस्थिर आहे. पालकांनी लक्ष द्यावे.

काटेसाहेबांना आश्चर्य वाटलं नाही. भिंगरीचं लक्ष टिकत नाही हे सांगायला शिक्षणमित्र कशाला हवा, असं ते म्हणालेही. पण हाताच्या पकडीचं त्यांना लागलं. त्यांच्या घराण्यात कुणाचा हात हलत नव्हता. त्या रात्री जेवताना दोघेही भिंगरीच्या चमच्याकडे बघत बसले, आणि दोन मोठी माणसं टक लावून बघायला लागल्यावर कुणाचाही चमचा हलतो, तसा तिचाही हलला. आमटी फ्रॉकवर सांडली. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काटेसाहेबांनी तपासणीचा पुढचा टप्पा घेतला. काटा चांगला आहे की नाही हे खऱ्या वजनाने कळत नाही, खोट्या वजनाने कळतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. चूक दिली तर यंत्र ती पकडतं का, हे बघायला हवं. गेमने विचारलं, हत्ती मोठा की मुंगी? काटेसाहेबांनी मुंगीवर बोट ठेवलं. गेम म्हणाला, पुन्हा विचार कर. काटेसाहेबांनी विचार केला आणि मुंगीवर बोट ठेवलं. चूक एकदा पकडणं सोपं असतं. दरवेळी पकडली पाहिजे. मग ते डबा संपेपर्यंत मुंगीलाच मोठी म्हणत राहिले. बस मोठी की सायकल? सायकल. डोंगर मोठा की खडा? खडा. यंत्राने एकही चूक सोडली नाही. असा प्रामाणिक काटा फार दिवसांत पाहिला नव्हता.

संध्याकाळी बायकोचे डोळे लाल होते. तिने फोनच त्यांच्या हातात दिला. पाल्याला लहान-मोठे यातील फरक समजत नाही. चूक दाखवून दिल्यावरही तेच उत्तर पुन्हा पुन्हा देण्याचा हट्ट आहे.

"काय योगायोग आहे बघ," काटेसाहेब म्हणणार होते, "मी आज नेमकं हेच तपासत होतो." पण गेमचं गुपित फुटलं असतं म्हणून त्यांनी जीभ चावली. मनातून मात्र त्यांना धीर आला. लेकीला ज्या विषयात अडचण आहे, नेमका तोच विषय आपण निवडलेला गेम शिकवतो, ही केवढी नशिबाची गोष्ट. (हा विचार त्यांनी खरोखरच केला. माणूस दिवसभर दुसऱ्याचं माप तपासतो, याचा अर्थ त्याला स्वतःच्या नाकासमोरचं दिसतंच असा नाही.)

त्या संध्याकाळपासून घरात परीक्षा सुरू झाल्या. आई पोळ्या लाटायचं थांबवून एका हातात डाव आणि एका हातात चमचा धरून विचारी, यातलं मोठं कुठलं? बाबा पायांतला बूट काढून तिच्या चपलेशेजारी ठेवून विचारत, यातलं लहान कुठलं? भिंगरीने पहिल्या दिवशी भराभर बरोबर सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं, पण जरा कंटाळून. आई-बाबांच्या चेहऱ्यावरची काळजी काही हटेना. बरोबर उत्तर दिल्यावर आई उसासा टाकून म्हणे, "नक्की ना गं? नीट बघून सांग." मुलांना काय, समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं. डाव म्हटल्यावर आई खूश होत नाही, तर चमचा म्हणून बघावं, असं तिला वाटलं असावं. एके दिवशी तिने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुम्हाला कुठलं हवंय?"

मग ती म्हणाली, चमचा. बायको तशीच पिठाचे हात घेऊन आत गेली आणि खोलीचं दार लावून रडली.  लेकीची काटेसाहेबांना अशी काळजी कधी वाटली नव्हती. चांगली टकळी चालवणारी, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारी आपली पोर, आणि तिला चमचा मोठा दिसतो. आपल्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून ते स्वतःला दोष देत राहिले.

त्यांनी आता गेमकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. इतक्या मागे पडलेल्या मुलीला हा गेम झेपेल का? ज्या मुलाला खरंच काही येत नाही, त्याच्याशी हा कसा वागतो? हे तपासायचं तर तसं मूल हवं. तसं मूल कचेरीत नव्हतं, म्हणून काटेसाहेब स्वतः ते मूल झाले. पुढचे काही दिवस ते दुपारी मोजणीच्या खोलीत बसून अतिशय मन लावून चुकले. लाल रंगाला हिरवा म्हणाले. गोलाला चौकोन म्हणाले. मांजर काय म्हणतं या प्रश्नाला त्यांनी घंटेचं बटण दाबलं. गेम प्रश्न सोपे सोपे करत गेला आणि काटेसाहेब त्याच्या मागोमाग खाली उतरत गेले. मोठे बाबू एकदा सही घ्यायला आत डोकावले. काटेसाहेब पुटपुटत होते, "गाईला पाय किती? दोन." बाबूंनी सही न घेताच दार ओढून घेतलं.

घरी अहवाल येत होतेच. रंग ओळखता येत नाहीत. आकार ओळखता येत नाहीत. प्राण्यांचे आवाज ओळखता येत नाहीत. बायकोने दुकानातल्या सगळ्या जीवनसत्त्वांच्या बाटल्या वाचून काढल्या. समोरच्या मैत्रिणीच्या आईने सहज विचारलं की शाळेचे मेसेज सुरू झाले का, तर ही 'नाही' म्हणाली आणि घरी येऊन खोटं बोलल्याबद्दलही रडली. (मैत्रिणीच्या आईला एकही मेसेज आलेला नव्हता, पण तिला आला का हे विचारायचं नवरा-बायको दोघांनाही सुचलं नाही.)

आणि मग तो मेसेज आला. आपल्या पाल्याला तीन वर्षांच्या गटात हलवण्यात आले आहे.

बायको त्या संध्याकाळी रडली नाही. ती भयंकर शांत होती. तिने काटेसाहेबांना सांगितलं की आपल्याला न विचारता शाळेने आपल्या मुलीला सरळ लहान गटात नेऊन बसवलंय. म्हणजे पहिली तर गेलीच, त्याच्या खालच्या पायरीवरूनही खाली ढकललं. उद्या सकाळी दोघांनी शाळेत जायचं, आणि तुम्ही तुमचं ते निरीक्षकाचं तोंड करून बसायचं.

दाराआडून भिंगरी ऐकत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती पुढे आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"मी पहिलीत नाही जाणार?" तिने विचारलं. "पण मी तर मोठ्या गटातच बसते."

आईने तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून काटेसाहेबांकडे बघून ओठ न हलवता म्हणाली, "बिचारीला आपण कुठे बसतो तेही कळत नाही."

भिंगरी त्या रात्री जेवली नाही. समोरून मैत्रीण हाका मारत होती, तर तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. काटेसाहेब तिच्या उशाशी बसले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाले की बाबा उद्या सगळं नीट करतील. आपल्याच्याने काय नीट होणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण लेकीला त्या हाताचा आधार वाटला आणि ती झोपली.

सकाळी तिघं बालवर्गात गेली. बाईंच्या खोलीत सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या होत्या. काटेसाहेब एकीवर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले आणि निरीक्षकाचं तोंड करणं अवघड होऊन बसलं. कचेरीची पिशवी त्यांनी पायाशी ठेवली. बाई थोराड, शांत, मोठ्या अंबाड्याच्या होत्या. भिंगरीला त्यांनी कोपऱ्यातल्या चटईवर बसायला सांगितलं. ती जाताना बाबांची पिशवी ओढत घेऊन गेली. पिशवीत कधी कधी छोटी पितळी वजनं असायची, ती लावायला तिला आवडे.

बायकोने सुरुवात केली. आम्ही तक्रार करायला आलो नाही, असं म्हणून तिने तक्रार करायला घेतली. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"तुम्ही म्हणताय ती मुलगी नक्की कुणाची?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आमची. भिंगरी."

"ती तर वर्गात इतरांना गोष्टी वाचून दाखवते," बाई म्हणाल्या. "आवरावं लागतं तिला."

बायकोला हे सौजन्य वाटलं. ती म्हणाली की आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगू नका, आम्ही खंबीर आहोत. बाई म्हणाल्या की त्या कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगत नाहीत. काटेसाहेब म्हणाले की लहान-मोठं तिला कळत नाही हे आम्ही घरी डाव आणि चमचा घेऊन तपासलेलं आहे. बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाल्या की शाळेचे मेसेज अजून सुरूच झालेले नाहीत. बायको म्हणाली, हे काय मग? आणि तिने फोन पुढे केला. बाई एकेक अहवाल वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचा हात छातीशी गेला. इतकं मागे पडलेलं मूल त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"मांजराला घंटा?" त्या हळूच म्हणाल्या.

काटेसाहेबांच्या डोक्यात कुठेतरी लांबवर काहीतरी हललं. मांजर आणि घंटा. हे आपण कुठेतरी ऐकलंय, का बघितलंय, का केलंय? त्यांनी धागा धरायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात बाईंच्या हातातला फोन वाजला. नवा मेसेज आला होता. बाईंनी तो मोठ्याने वाचला.

"आज आपल्या पाल्याची सर्व उत्तरे अचूक आहेत. पाल्याच्या ऐवजी घरातील मोठी व्यक्ती उत्तरे देत असल्याचा संशय आहे. कृपया पाल्याला स्वतः खेळू द्यावे."

 त्याच वेळी कोपऱ्यातून एक गोड आवाज आला, "शाबास भिंगरी." चटईवर, काल चुकून बाबांच्या पिशवीत राहिलेला गेम बाहेर काढून, मांडीवर घेऊन भिंगरी बसली होती. तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

"हा किती सोपा आहे," ती म्हणाली. "कुणाचा आहे?"

बायकोने फोनकडे पाहिलं, गेमकडे पाहिलं आणि मग सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. काटेसाहेब त्या एवढ्याशा खुर्चीत आणखी लहान होत गेले. मग त्यांनी सगळं सांगितलं. कोपऱ्यांची तपासणी, खोटं वजन, मुंगी, गाईचे पाय, सगळं. सांगताना ते शास्त्रीय वाटावं म्हणून त्यांनी शक्य तितके कचेरीतले शब्द वापरले, पण बालवर्गाच्या खोलीत त्या शब्दांचा काही उपयोग होत नव्हता. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मुलाने काचेची बरणी फोडल्यावर त्या जशा ऐकत असतील तसंच. मग त्या म्हणाल्या की भिंगरी पहिलीत जाणार, तिचं नाव कधीच पुढे गेलंय, आणि आता त्यांचा तास सुरू होतोय.

बायकोने लेकीला उचलून घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. बायको हसत होती की रडत होती ते काटेसाहेबांना कळेना, आणि विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

बाहेर आल्यावर बायको दुकानात निघून गेली. जाताना तिने एवढंच सांगितलं की संध्याकाळी घरी आल्यावर तो गेम आणि ते दोन्ही थर्मामीटर तिच्या नजरेस पडता कामा नयेत. (थर्मामीटरांचा काय गुन्हा, हे काटेसाहेबांना समजलं नाही. पण ती वेळ समजून घेण्याची नव्हती.) त्या दिवशी वर्गात न बसवता भिंगरीला घरी घेऊन जायची जबाबदारी त्यांच्यावर आली. दोघं फुटपाथवरून चालायला लागली. भिंगरी एका पायावर उड्या मारत होती. पहिलीत जाणार हे मैत्रिणीला सांगायची तिला घाई झाली होती. काटेसाहेबांना इतकं हलकं वाटत होतं की आपणही एका पायावर उडी मारावी, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग ती एकदम थांबली. काहीतरी आठवल्यासारखी बाबांकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत काळजी होती, आणि ती काळजी काटेसाहेबांच्या ओळखीची होती. गेले काही दिवस ती त्यांच्याच चेहऱ्यावर होती.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्हाला खरंच हत्ती मोठा की मुंगी ते नाही येत?"

काटेसाहेबांनी रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून तिला नीट समजावून सांगितलं. म्हणाले की मला सगळं येतं, अगदी सगळं येतं, पण यंत्र चांगलं आहे का ते बघायचं होतं, म्हणून मी मुद्दाम चुकीचं सांगत होतो.

भिंगरीने ते सगळं शांतपणे ऐकलं. मग तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि वर्गात बाई थोपटतात तसा थोपटला.

"असू दे," ती म्हणाली. "लहान गटातला तो एक जण आहे ना, तोपण असंच सांगतो."